नळाच्या पाण्याची विहीर

मी एक चित्रपट बोलतोय. थोर वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझं नाव 'सातवी विहीर'. जन्म जर्मनीतला, ऐन महायुद्धातला. विषय: वाळवंट, हेरगिरी आणि जर्मन माणसाचं विशाल अंतःकरण. यातलं काहीही माझ्या जन्माच्या जागी नव्हतं.

माझं वाळवंट म्हणजे बर्लिनच्या दक्षिणेची एक रेतीची खाण. डावीकडे पाइनची झाडी, म्हणून कॅमेरा डावीकडे वळवायला बंदी. उंट सर्कशीतले, कुणी शिट्टी वाजवली की भर लढाईत गुडघे टेकून सलाम करायचे. विहीर लाकडी फळ्यांची, वरून चुना फासलेली, आत रबरी नळी. आणि इंग्रज हेर? तो हॅम्बुर्गचा एक नट. तोंडात पाइप खुपसला, झाला इंग्रज.

पण माझे जन्मदाते काटेकोर हो! दिग्दर्शक एगोन त्सीलके यांनी एक निवृत्त मेजर फक्त गणवेश तपासायला नेमला होता. एका शिपायाच्या टोपीची शिवण चुकीची निघाली, तर अर्धा दिवस काम थांबलं. खोट्या वाळवंटात, खोट्या लढाईत, टोपी मात्र खरी हवी.

वाळवंटातले 'स्थानिक लोक' छावणीतून ट्रकने यायचे. फ्रेंच सैन्यात लढताना पकडलेले आफ्रिकेतले कैदी होते ते. त्यांनी व्याकूळ दिसायचं होतं. ते त्यांना शिकवावं लागलं नाही.

त्यातला एक बेलकासम. अल्जेरियातल्या काबिलियाच्या डोंगरातला, ऑलिव्हची झाडं राखणारा. प्रसंग असा होता: घोड्यावरून आलेला जर्मन नायक त्याला विहिरीचं पाणी पाजतो, आणि हा गुडघ्यावर बसून आभार मानतो.

"काय बोलू?" बेलकासमने दुभाष्यामार्फत विचारलं.

"काहीही बोल रे, तुझ्या भाषेत," त्सीलके म्हणाले. "फक्त मनापासून आलं पाहिजे."

तो बोलला. नायकाच्या डोळ्याला डोळा देऊन, सावकाश, अगदी मनापासून.

"वा! ही खरी कृतज्ञता," त्सीलके गहिवरले. "मेजर, ही अरबीच ना?"

"दुसरं काय असणार?" मेजर म्हणाले, आणि वाकून त्याच्या चपलेचे बंद तपासू लागले.

ती अरबी नव्हती, त्याच्या डोंगरातली काबिली होती. आणि तो काय म्हणाला, हे कुणीही विचारलं नाही. टोपीच्या शिवणीला अर्धा दिवस. माणसाच्या बोलण्याला एक प्रश्नही नाही. तो आवाज माझ्या कडेच्या ध्वनिपट्टीवर उमटला आणि मी तो मुकाट वाहत राहिलो. मला तरी काबिली कुठे येत होती? मीही जर्मनच.

मी पडद्यावर आलो तोवर खऱ्या वाळवंटातून आमची फौज हद्दपार झाली होती. विजयाचा चित्रपट पराभवानंतर लागला. लोक गप्प बसून पाहायचे आणि गप्प उठून जायचे. मग बॉम्ब पडले, चित्रपटगृहंच उरली नाहीत.

युद्धानंतर जेत्यांनी माझ्यावर बंदी घातली. तिथेच मला विसरले असते तर उपकार झाले असते. पण टोनिस नावाच्या एका वितरकाला माझ्यात धंदा दिसला. त्याने माझी नवी प्रत काढली आणि तिला धुऊन घेतलं. झेंडे कापले. इंग्रज हेरांचे अफूचे तस्कर केले. लष्करी अधिकारी रातोरात भूगर्भशास्त्रज्ञ झाला. ओठ तेच, आवाज नवे. त्या काळी सगळ्या देशानेच आपापले संवाद बदलून घेतले होते. माझं कुणाला काय वाटणार?

बेलकासमच्या तोंडीही जर्मन घातलं: "धन्यवाद, साहेब! तुमचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही."

मग मी रविवारी दुपारी दूरदर्शनवर लागू लागलो. केक खाता खाता लोक म्हणायचे, "वाळू काय सुंदर आहे नाही!"

पुढे या देशाला सदसद्विवेक सुचला. मला एकटं दाखवणं बंद झालं. आधी व्याख्यान, मग मी, मग चर्चा. लाइपझिगच्या एका छोट्या सभागृहात डॉक्टर फोल्कमार प्रूस यांनी माझ्यातलं विष नेमकं समजावून सांगितलं, आणि मग माझी धुतलेलीच प्रत लावली.

चर्चेत एक बाई उभ्या राहिल्या. नूआरा, इथल्याच दंतवैद्य.

"तो पाणी पिणारा माणूस माझा आजोबा. पण आवाज त्याचा नाही."

"फार मोलाचं निरीक्षण," डॉक्टर प्रूस म्हणाले. "वसाहतीतल्या माणसाचं मौन हा माझ्या पुढच्या प्रकरणाचाच विषय आहे."

"मौन कसलं? तो बोलला होता. आवाज तुम्ही बदललात. मूळ प्रत कुठे आहे?"

टाळ्या पडल्या. चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेली. या लोकांना पश्चात्ताप उत्तम जमतो. फक्त त्यात कुणी मधे बोललेलं चालत नाही.

नूआरांनी मूळ प्रत स्वतःच शोधली. ते माझं जुनं शरीर, एका चित्रपट-संग्रहाच्या तळघरात. जुन्या काळची ही फिल्म ठिणगी पडली की बारुदासारखी पेटते, म्हणून तिथला नियम असा: न पेटणाऱ्या फिल्मवरची 'सुरक्षित प्रत' असली की जुनी नष्ट करायची. माझी धुतलेली प्रत तशी सुरक्षित होती, म्हणून मूळ प्रतीचा डबा जाळायच्या गाडीवर चढला होता.

"चित्रपट आमच्याकडे सुरक्षित आहे," संग्रहाच्या राइनहिल्ड ओस्टमान बाई म्हणाल्या. "नाव तेच, लांबी जवळपास तीच."

"चित्रपट सुरक्षित आहे हो. माझा आजोबा नाही." नूआरा खुर्ची ओढून बसल्या. "तो गावी परतल्यावर सांगायचा, मी जर्मन साहेबाला तोंडावर सुनावलं आणि त्या खुळ्यांनी ते सिनेमात ठेवलं. गाव हसायचं. मग तो गेल्यावर गावातल्या कुणीतरी तुमची ही सुरक्षित प्रत बघितली. तेव्हापासून आमचं घर म्हणजे साहेबाचे पाय धरणाऱ्याचं घर. माझी आई चार माणसांत बसत नाही. एकदा, फक्त एकदा ऐकवा."

ओस्टमान बाईंनी नियमाकडे पाहिलं, मग नूआरांकडे. "माझ्या खात्यात कुणी विचारलं तर मी रिळाची झीज तपासत होते," त्या म्हणाल्या आणि माझा डबा गाडीवरून उतरवला.

मी आक्रसलेलो, कडा चिकट झालेल्या. त्यांनी मला हाताने सावकाश पुढे सरकवत यंत्रावर चढवलं. नूआरांनी गावी आईला फोन लावला. त्यांची स्वतःची काबिली बालपणापुरतीच होती. कॅमेरा डावीकडे न वळता पुढे आला. बेलकासमने पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि तो बोलला.



"आई? काय म्हणाला तो?"

"परत लाव."

"आई, आधी सांग ना!"

"लाव म्हणते ना! बापाला ऐकतेय मी, तुला कसली घाई?"

परत लावलं. मग म्हातारी एकेक शब्द तोलून सांगू लागली: "तो म्हणतो, 'घोड्यावरच्या पोरा, तुझं पाणी तूच पी. ही जर विहीर असेल तर मी सुलतान आहे. घरी जा. हे वाळवंट नाही, आणि असतं तरी तुझं नव्हतं.'" आणि ती अशी खदाखदा हसली की ओस्टमान बाईंनाही हसू आलं. मग तिने फोन तसाच चालू ठेवून शेजारणीला हाका मारायला सुरुवात केली. "अगं ये, माझा बाप बोलतोय! सगळ्यांना घेऊन ये!"

आता मी थंड खोलीत आहे. माझं 'ऐतिहासिक मूल्य' सगळ्यांना अचानक कळलंय. डॉक्टर प्रूस माझ्यावर नवं प्रकरण लिहितायत. मला संपूर्ण वाचवावं असा अर्जही गेला आहे.

माझी कीव करू नका. माझ्यात जपण्याजोगं जे आहे ते ना त्सीलकेंनी केलं, ना मेजरनी, ना मी. एका उपाशी कैद्याने ते माझ्यात ठेवलं, आणि आम्ही सगळे इतके गर्विष्ठ की आम्हाला पत्ताही लागला नाही. तेवढा आवाज नीट उतरवून घ्या. त्याच्या गावाला द्या; तो त्यांचा आहे. मग उरलेल्या मला खुशाल काडी लावा. मी फार चांगला जळतो. आयुष्यात तेवढं एक तरी खरं काम माझ्या हातून होऊ द्या.