स्वच्छ मातीचा नमुना

"मॅडम, परत उगवलंय."

काकांनी प्लेट टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. काका म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. निवृत्तीला चार महिने उरलेले, त्यामुळे कुणालाही न घाबरणारे. पण आज त्यांचा आवाज जरा खालचा होता.

"कुठली प्लेट?"

"स्वच्छ मातीची."

तिनं प्लेट उचलून खिडकीकडे धरली. मधोमध रुपयाएवढा राखाडी-हिरवा डाग होता. मऊ, मखमली, अगदी खुशीत वाढलेला. ज्या औषधानं तो मरायला हवा होता तेच औषध त्या प्लेटमध्ये काठोकाठ भरलेलं होतं.

तिला सगळे पाठीमागे बुरशीबाई म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. बावीस वर्षं ती एकाच बुरशीच्या मागे होती. धडधाकट माणसाच्या श्वासात ही बुरशी रोज जाते आणि काही करत नाही. पण अंगातली ताकद संपलेला माणूस मिळाला, की फुप्फुसात घर करते. तिच्यावर एक चांगलं औषध आहे. पण काही ठिकाणची बुरशी आता त्या औषधाला भीक घालत नाही. अशा निर्ढावलेल्या बुरशीचा शोध हेच तिचं काम. त्यासाठी एकोणचाळीस ठिकाणची माती तिनं आणली होती. आणि तुलनेसाठी एक चाळिसावी, जिथे असलं काही सापडायलाच नको अशी.

ती स्वच्छ माती तिनं आणली होती दादाच्या नर्सरीतून. दुसरीकडे कुठे जायचं तिच्या मनातही आलं नाही. दादा म्हणजे कुंडीतली गोगलगायसुद्धा हळूच उचलून कुंपणापलीकडे ठेवणारा माणूस. फवारणीचा पंप त्यानं आयुष्यात खांद्यावर घेतला नव्हता.

म्हणून पहिल्यांदा डाग दिसला तेव्हा ती हसली होती. "काका, चमचा नीट धुतला नाहीत वाटतं!" काका दोन दिवस फुगून बसले. प्लेट फेकून दिली. दुसऱ्यांदा दिसला तेव्हा तिनं पंख्याला दोष दिला, पलीकडची बुरशी उडून आली असणार म्हणाली. तीही फेकली. तिसऱ्यांदा दार लावून, नवे हातमोजे घालून, सगळं तिनं स्वतःच्या हातांनी केलं. आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. 'मी सांगत होतो' हे तीन शब्द काकांनी गिळले, आणि त्याबद्दल त्यांचे उपकारच मानायला हवेत.

तिचं डोकं चालेना. नंबर चुकला का? पिशव्यांची अदलाबदल झाली का? तिनं वही उलटसुलट पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. तेच तर कोडं होतं.

आणि मग एकदम तिनं वही मिटली.

"काका, माझी वहिनी याच मातीशेजारी राहते हो."

वहिनीला रक्ताचा आजार होता. त्यावरच्या जबर डोसांनी अंगातली सगळी ताकद धुऊन नेली होती. दोन डोसांच्या मधे ती घरी आली, आणि घर नर्सरीला लागूनच. मग ताप, आणि पुन्हा हॉस्पिटल. मग छातीच्या फोटोत सावली. फुप्फुसातून बुरशी काढून तपासणं जमलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी अंदाजानं औषध सुरू केलं. तेच, प्लेटमधलं. आज बारावा दिवस होता आणि ताप तसूभर हलला नव्हता.

तिनं दादाला फोन लावला.

"दादा, खरं सांग. काही फवारतोस का तू?"

"नाही गं चिमे. तुला माहीत नाही का?"

"मग बाहेरून काय आणतोस?"

"काही नाही. फुलांचे कंद येतात तेवढे, पोत्यातून. त्यांना आधीच गुलाबी भुकटी लावलेली असते, कुजू नयेत म्हणून. त्याचं काय?"

ती भुकटी कसली असते ते तिला पाठ होतं. तिनंच त्यावर भाषणं दिली होती. प्लेटमधल्या औषधाची ती सख्खी चुलत बहीण. भुकटी खाऊन जगायला शिकलेली बुरशी औषधालाही पुरून उरते. एकोणचाळीस ठिकाणी तिनं कंदांची चौकशी केली होती. चाळिसाव्या ठिकाणी चहा पिऊन आली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"ते कंद निवडतं कोण?"

"तुझी वहिनी. घरी होती तोवर, सावलीत बसून. पण मास्क लावून हां! म्हणायची, पडून पडून वेड लागेल, हाताला काहीतरी काम द्या."

तिनं फोन ठेवला आणि सरळ वहिनीचा वॉर्ड गाठला. वॉर्डचा डॉक्टर तिच्याहून वयानं लहान, पण शांत डोक्याचा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, मातीवरून पेशंटचं औषध बदलू? त्यांच्या छातीत हीच बुरशी आहे याला पुरावा काय?"

"पुरावा नाही."

"दुसरं औषध किडनीवर जातं. त्यांची किडनी आधीच कुरकुरतेय."

"माहीत आहे."

"मग हे तुम्ही संशोधक म्हणून सांगताय की नणंद म्हणून?"

बावीस वर्षं ती विद्यार्थ्यांना बजावत आली होती, पुराव्याशिवाय तोंड उघडू नका. आता तिनंच ते उघडलं होतं.

"खरं सांगू? मला कळत नाहीये."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "किती वेळा उगवली?"

"तीन वेळा."

"पहिल्यांदा कधी?"

"सोळा दिवसांपूर्वी."

बारा आणि सोळाचा हिशेब त्यालाही येत होता: औषध सुरू होण्याच्या चार दिवस आधीच बुरशी प्लेटमध्ये उगवली होती. त्यानं कागद पुढे ओढला आणि नवीन औषध लिहिलं.

नवीन औषध सलाईनमधून जाऊ लागलं. त्या दिवसापासून ती सकाळी वॉर्डात, दुपारी प्रयोगशाळेत आणि संध्याकाळी पुन्हा वॉर्डात. पाचव्या दिवशी ताप एक डिग्री उतरला आणि किडनीचा आकडा तेवढ्याच निष्ठेनं चढला. आनंद मानावा की धसका घ्यावा तिला कळेना. डॉक्टर म्हणाला, "बघू." जगातले सगळे डॉक्टर हा शब्द एकाच आवाजात म्हणतात.

त्या दिवशी दादा बाहेरच्या बाकावर बसला होता. तिच्या सांगण्यावरून त्यानं कंदांची पोती प्लास्टिकनं झाकली होती, पण का ते विचारलं नव्हतं. ती शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. भुकटीचं सांगितलं, मातीचं सांगितलं. मग जे सांगायचं नव्हतं तेही सांगितलं.

"मला आधीच दिसलं होतं रे. दोनदा. दोन्ही वेळा मी फेकून दिलं."

"का?"

"तुझी माती होती म्हणून."

दादानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"म्हणजे चूक कुणाची म्हणायची, चिमे? कंद आणले मी. निवडायला तिला दिले मी. ते तर ती हसावी म्हणून दिले होते गं."

"मला नाही सांगता येत, दादा."

"तुला एवढं शिकवलं आणि तुलाही सांगता येत नाही?"

तो रागानं बोलला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि तिला रडू आलं ते त्यामुळेच. तिच्या पाठीवर थोपटायला त्यानं हात उचलला, तो मधेच थांबवला आणि उठून बेसिनकडे गेला. कोपरापर्यंत हात धुतले. नखांत अडकलेली माती एकेका बोटातून काढली. मग पुन्हा पहिल्यापासून साबण लावला. नर्स म्हणाली, "अहो आजोबा, झाले स्वच्छ," तरी त्याचं चाललंच होतं.

आत वहिनी जागी होती. बारीक झालेल्या तोंडावर मास्क, वर मोठे दिसणारे डोळे. दादा पलंगापासून हातभर लांब उभा राहिला.

"अहो, झाडांना पाणी घातलंत का?" तिनं विचारलं.

"घातलं."

"कंद राहिले असतील सगळे. मी आले की बसते निवडायला."

"हो. तसेच ठेवलेत."

वहिनीनं चादरीखालून हात काढला आणि त्याच्याकडे पुढे केला. दादा त्या हाताकडे बघत राहिला. त्याचे ओले हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले होते.

"धरा की," वहिनी म्हणाली. "काय झालं?"

त्यानं बहिणीकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. आजवर प्रत्येक गोष्ट तिनं त्याला विचारून केली होती. कितपत चालेल ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती पुढे झाली, त्याचा हात सोडवला आणि वहिनीच्या हातात दिला.