रुमालाखालची ज्वारी

“साहेब, तुमचा हात कधी रुमालाखाली गेलाय का?”

हे विचारून दाखवलंस तर आठवडाभर तुझ्या पाळीचा वर्ग मी झाडीन, अशी पैज माझ्या वर्गातल्या अयोध्यानं लावली होती. मी विचारलं. लोहाऱ्याच्या बाजारात, भर दुपारी, माझ्या वडलांच्या, आप्पांच्या, धान्याच्या आडतीवर, दहा माणसांत.

साहेब हैदराबादचे. निजाम सरकारच्या नोटा सांभाळणाऱ्या बँकेनं त्यांना गावोगावचे भाव तपासायला धाडलं होतं. सकाळपासून गादीवर बसून ते आप्पा सांगतील ते लिहीत होते. ज्वारी बारा रुपये पल्ला; रुपये निजामाचे हाली, पल्ला म्हणजे एकशेवीस शेर. महायुद्धापायी सरकारनं बांधून दिलेला हा भाव फक्त तोंडानं बोलायचा. त्या भावानं कुणी मूठभर ज्वारी विकलेली मी तरी पाहिली नव्हती. खरा भाव आडते रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. लहानपणी आप्पा माझ्याच हातावर ते खेळायचे, म्हणून वरनं रुमाल हलला तरी मला ती बोटं कळतात.

साहेब हसले, नाही म्हणाले. पैज तिथंच जिंकली होती, पण माझं तोंड एकदा उघडलं की उघडलं. भाव लिहून तुम्ही करता काय, म्हणून मी विचारलं. त्यांनी नीट समजावलं. या आकड्यांवरून कुठं महागाई, कुठं स्वस्ताई ते बँक शोधते, आणि तो अहवाल बघून सरकार स्वस्त धान्याची दुकानं उघडतं. मागच्या साली लोहाऱ्यात स्वस्ताई निघाली, म्हणून इथं दुकान न्हाय.

अयोध्या माझ्या शेजारी उभी होती. तिची आई कस्तुराबाई दिवसभर खुरपते, तरी ही पोरगी मधल्या सुट्टीत नुसतं पाणी पिते. आणि कागदावर आमच्याकडं स्वस्ताई.

मी आप्पांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, साहेबांच्या हातावर टाकला. आधी त्यांची दोन बोटं दाबली, मग एक.

“आधीची बोटं दहाची, नंतरचं एकाचं,” मी म्हणाले. “एकवीस. आज सकाळचा भाव हा हाय.”

शेजारचे आडते महालिंगप्पा आप्पांना म्हणाले, “माणिकप्पा, पोरीला शाळेत घातली ती ह्यासाठीच व्हय?”

साहेबांनी बारा खोडलं न्हाय. एका दिवसाच्या आकड्यानं अहवाल बदलत न्हाय, दर बाजारचा भाव कुणीतरी लिहून धाडायला पाहिजे, म्हणाले. विकणाऱ्याचं नाव बँकेला नको, नुसता भाव हवा. बँकेचा पत्ता त्यांनी माझ्या पाटीवर लिहून दिला.

घरी आल्यावर आप्पांनी चप्पलसुद्धा काढली न्हाय. उद्यापासून शाळा बंद, म्हणाले. अव्वा, माझी आई, चुलीपुढून म्हणाली, “चार लोकांत बापाचा हात उघडा पाडलास, शिवगंगा.”

मी पाटी छातीशी धरून उभी राहिले.

“आप्पा, मी शाळा सोडणार न्हाय. आणि दर बाजारचा खरा भाव बँकेला लिहून धाडणार. खाली माझं नाव, तुमचं न्हाय. तुम्ही हवं तर माझ्यापासून हात लपवा. मी पिशवी घेऊन बाजारात जाईन, शेरभर ज्वारी घेईन, भाव आपोआप कळंल. पैज हरली म्हणून उद्या माझ्या पाळीचा वर्ग अयोध्या झाडणार हाय. मी तिथं असणार.”