थंड अंडं

"मम्मा, दास आय श्लेफ्ट," अन्वी ओठांवर बोट ठेवून म्हणाली. अंडं झोपलंय.

मी फ्रीजरमधून मटार काढत होते. पिशवीमागे एक पिवळी डबी होती, चॉकलेटच्या अंड्यात खेळण्याची असते तसली. आमच्या भिशीची. जर्मनीत, नेकारसुल्मला आल्यावर आम्ही दहा घरांनी भिशी सुरू केली, तेव्हा चिठ्ठ्या टाकायला पोरांकडच्या या डब्या बऱ्या पडल्या. एका डबीत एक नाव. स्टीलच्या डब्यात हात घालून काढायचं काम सगळ्यांत लहान म्हणून अन्वीचं. लहान लेकराच्या हातात लबाडी नसते, असं सगळेच म्हणायचे.

"हे इथे कुणी ठेवलं गं?"

"पापा. गेहाइमनिस." गुपित. मग तिला राहवलं नाही. उरलेलं तिने अर्धं जर्मनमध्ये, अर्धं हातवारे करून सांगितलं. सगळे आले की पापा हे अंडं डब्यात टाकणार, अन्वीने चाचपून थंड असेल तेच काढायचं, मग पापा तिला आइस, म्हणजे आइस्क्रीम, घेऊन देणार. दोन गोळे.

डबी हाताला जड लागली. उघडली तर आत सिद्धांतच्या नावाची चिठ्ठी आणि एक स्टीलचा नट. थंडावा टिकावा म्हणून. इंजिनीयर आहे माझा नवरा.

तो हॉलमध्ये सोफ्यावर होता. शनिवार, साडेतीनच्या फुटबॉल मॅचेस सुरू व्हायच्या होत्या. टीव्ही बंद. सिद्धांत मॅच कधी बघत नाही, फोनवर नुसते आकडे बघतो. मित्र ओरडतात, शिव्या देतात, आणि हा शांत. "मी जुगारी नाहीये," तो सांगायचा. "जुगारी मॅच खेळतो, मी बँक सांभाळतो." बँक म्हणजे बेटिंगसाठी बाजूला काढलेली रक्कम. नियम एकच, कुठल्याही मॅचवर बँकेच्या दोन टक्क्यांच्या वर लावायचं नाही. हरलो तरी दोनच टक्के जातात, माणूस बुडत नाही. हे तो इतकं नीट समजावायचा की लोकांना त्याच्या शिस्तीचं कौतुक वाटायचं. भिशीचे पैसे सांभाळायला म्हणूनच तर त्याला दिले. मलाही वाटायचं, बाकीच्या बायकांचे नवरे बघा, आणि आपला बघा.

मी नट त्याच्यासमोर टीपॉयवर ठेवला.

त्याने आधी नटाकडे पाहिलं, मग दाराकडे. "हळू बोल. लोक येतायत."

"भिशीचे पैसे कुठे आहेत?"

"एक महिना दे मला फक्त. आज माझं नाव निघालं की कुणी काही मागणार नाही. तोवर बँक रिकव्हर होईल."

"बँकेत किती आहेत?"

"ऊर्मिला, याला व्हेरियन्स म्हणतात, नशिबाचे चढउतार. लॉंग टर्ममध्ये—"

"किती?"

त्याने फोन माझ्याकडे वळवला. त्या पैशांत अन्वीचे हिवाळी बूटही आले नसते.

"आणि तुझे दोन टक्के?"

"मोडले नाहीत!" तो एकदम ताठ बसला. "एकदाही नाही. विचार कुणालाही. एकदाही नाही."

खरंच होतं ते. बँक निम्मी झाली की याने आपली बचत त्यात ओतली. ती संपल्यावर आईंनी अन्वीच्या नावाने दिलेले पैसे. मग भिशी. टाकीला खाली भोक, हा वरून पाणी ओततोय, आणि अभिमान कशाचा, तर पेला मी कधी मोठा वापरला नाही याचा. रोज दहा-बारा मॅचेस, जपानपासून ब्राझीलपर्यंत, प्रत्येकीवर शिस्तीत दोन टक्के. रागावणं मला जमलं असतं. पण ते 'एकदाही नाही' ऐकून मला शिसारी आली, नासलेल्या दुधाचा घोट घशात गेल्यासारखी. तो आंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"आणि अन्वीला का घेतलंस यात?"

"तिला काय कळतंय? तिच्यासाठी गेम आहे तो."

बेल वाजली.

"ते अंडं परत ठेव," तो कुजबुजला. "प्लीज."

मोहन आणि त्याची बायको निधी ढोकळा घेऊन आले, मागून बाकीचे. शेवटी प्रभाताई एकट्याच आल्या, त्यांच्या नवऱ्याची शिफ्ट होती. प्रभाताई चाळिशीच्या पुढच्या. इथे येऊन शून्यापासून जर्मन शिकल्या आणि बालवाडीतली आउसबिल्डुंग, म्हणजे कामाचं प्रशिक्षण, पूर्ण केली. सप्टेंबरपासून त्यांना पलीकडच्या खेड्यातल्या किटामध्ये, तिथल्या बालवाडीत, नोकरी मिळाली होती. सकाळच्या वेळी तिकडे बस नाही, त्यामुळे गाडी चालवता आली पाहिजे, आणि इथे फ्युररशाइन, म्हणजे गाडीचं लायसन्स, काढायला भिशीएवढेच पैसे लागतात.

"सिद्धांत," त्यांनी पर्स मांडीवर घेत विचारलं, "नावं तीनच उरलीत. तुझं, मोहनचं आणि माझं. या वेळी मला देता आली तर? ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणतो, आता पैसे भरले तरच तास मिळतील."

"माझी काही हरकत नाही बुवा," मोहन म्हणाला.

"नाही ताई," सिद्धांत हसून म्हणाला. "नियम म्हणजे नियम. चिठ्ठीच."

"गेनाऊ, अगदी बरोबर," कुणीतरी मान डोलावली. "म्हणूनच आपली भिशी टिकली."

डबी माझ्या मुठीत होती. नट मघाशीच ओढणीच्या टोकात बांधला होता. चिठ्ठी आत होती, आणि ते पिवळं प्लास्टिक माझ्या हातात अन्वीच्या तापलेल्या कपाळासारखं कोमट झालं होतं. सगळ्यांसमोर मी ती स्टीलच्या डब्यात टाकली. सिद्धांतने पाहिलं आणि माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. आभार मानत होता तो माझे. 

अन्वीने बाही वर केली. डब्यात हात घातला. एक चाचपलं, दुसरं, तिसरं. पुन्हा पहिलं. तिच्या कपाळावर आठी आली.

"पापा, काइन्स इस्ट काल्ट."

एकही थंड नाही.

"काल्ट?" मोहन हसला. "अगं, तू चिठ्ठी काढतेस का बिअर?"

सगळे हसले. सिद्धांतही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. "काढ गं बाळा, कुठलंही."

अन्वीने हात तसाच डब्यात ठेवला. "मग आइस नाही?"

"आइस मी देणार, राजा," मी म्हणाले. "तुला हवं ते काढ."

तिने डोळे गच्च मिटले आणि एक डबी काढली. मोहनने उघडून वाचलं.

"सिद्धांत!"

टाळ्या पडल्या. सिद्धांतने श्वास सोडला, तो मला समोरून ऐकू आला. नशिबाने, निव्वळ नशिबाने सुटला होता तो. आता कुणालाही काही कळणार नव्हतं. त्याने फोनकडे हात नेला, आणि मला दिसलं, त्याचा अंगठा आधीच पुढची मॅच शोधत होता.

"चला, पुढच्या महिन्यात," प्रभाताई म्हणाल्या. छान हसल्या. फक्त पर्सची चेन त्यांनी दोनदा लावली.

मी ओढणीची गाठ सोडली आणि नट ढोकळ्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"प्रभाताई, थांबा. भिशीचे पैसे नाहीत. सिद्धांतने मॅचेसवर लावले, सगळे गेले. हा नट घालून त्याने आपली चिठ्ठी फ्रीजरमध्ये ठेवली होती. अन्वीला शिकवलं होतं, थंड असेल ते काढ."

"ऊर्मिला!" सिद्धांत उठला. "आल्झो, ऐका जरा, मी एकदाही दोन टक्क्यांच्या—"

कुणी ऐकत नव्हतं. मोहन ओरडायला लागला, निधी त्याला धरत होती, कुणी वकिलाचं नाव काढलं.  प्रभाताईंनी पैशांचं काहीच विचारलं नाही. अन्वीकडे पाहिलं, मग सिद्धांतकडे.

"पोरीच्या हातून?" एवढंच म्हणाल्या.

जाताना त्यांनी डब्यातल्या दोन डब्यांपैकी आपल्या नावाची शोधून घेतली आणि पर्समध्ये टाकली. मी दारापर्यंत गेले. "माझे दागिने आहेत ताई, सोमवारी..." म्हणाले. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि बूट घालायला वाकल्या. लेस बांधायला त्यांना बराच वेळ लागला.

घर रिकामं झालं. ढोकळा कुणी खाल्ला नव्हता. सिद्धांत सोफ्यावर होता, फोन पालथा. मी बशा उचलत होते. त्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि त्याचा शर्टही बघवत नव्हता, मीच सकाळी इस्त्री केलेला.

अन्वी कुठे दिसेना. मग फ्रीजरचा खण सरकल्याचा आवाज आला. ती मूठ घट्ट मिटून आली, सरळ बापासमोर उभी राहिली, त्याचा हात ओढून उलगडला आणि तळहातावर मटाराचा एक दाणा ठेवला. पांढरा पडलेला, बर्फाचा.

"गेफुंडन, पापा," ती म्हणाली. सापडलं.

त्याच्या हातावर दाणा हळूहळू हिरवा होत गेला. खाली थोडं पाणी साचलं. त्याला मूठ मिटवत नव्हती.