पाण्याला भिणारी शाई

आलापल्लीच्या हेमराज मोहुर्लेला काही विकत घ्यायचं असलं की दुकानदारांना आधीच घाम फुटायचा. साधी बादली घ्यायची तरी गडी चार दुकानं पालथी घालणार, आणि पाचव्या दुकानात पहिल्या दुकानाचा भाव सांगणार. मग प्रिंटर घ्यायचा म्हटल्यावर काय विचारता! वीस वर्षं त्यानं घराच्या ओसरीत टाइपरायटरवर लोकांचे अर्ज बडवले होते. पुढे वनहक्काच्या दाव्यांसाठी आतल्या गावांतून माणसं येऊ लागली, तसा त्यानं टाइपरायटर विकून जुना कॉम्प्युटर घेतला आणि प्रिंटरसाठी एसटीनं चंद्रपूर गाठलं.

दुकान धनराजचं. माणूस सरळ होता. सगळ्यांत स्वस्त मशीन हेमराजनं उलटंपालटं करून पाहिलं, पण त्याच्या शाईच्या डबीची किंमत ऐकून परत ठेवलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं थोडं महाग मशीन निवडलं. त्याची डबी रिकामी झाली की घरच्या घरी सिरिंजनं शाई भरता येत होती. इथपर्यंत त्याच्या शहाणपणाला नाव ठेवायला जागा नव्हती.

मग धनराजनं काळ्या शाईच्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या. दोन्ही शाईंची एकेक ओळ छापली आणि त्यांवरून ओलं बोट फिरवलं. एक ओळ जागची हलली नाही. दुसरी पार फिसकटली.

"ही पाण्याले भिते, भाऊ," फिसकटलेली ओळ दाखवत तो म्हणाला. "लोकायचे सरकारी कागद करत असान तर दुसरी घ्या."

न फिसकटणारी शाई अडीचपट महाग होती आणि पुढे दर वेळी नागपूरहून मागवावी लागणार होती. हेमराज म्हणाला, कागद फाइलीत राहतो, फाइलीत कुठी पाऊस पडते? दुकानातली माणसं हसली. आपल्या हजरजबाबीपणावर तो इतका खूश झाला की परतीच्या एसटीत कंडक्टरलाही त्यानं तो किस्सा ऐकवला. पिशवीत स्वस्त शाईच्या दोन बाटल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात लच्छू आला. भामरागडच्याही पुढचा, नदीपलीकडचा म्हातारा. सोबत सून बुधरी. तिच्या नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात हे दोघं आणि तिची लेकरं. कसत होते ती जमीन त्यांचीच होती, पण कागद म्हणून घरात एक चिटोरंही नव्हतं. अशा वेळी वडीलधाऱ्याचा जबाब पुराव्यात धरतात, हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

लच्छू माडिया बोलीत बोलत गेला, बुधरी मराठीत सांगत गेली, हेमराज टाइप करत गेला. कोणत्या मोहाच्या झाडापासून बापानं झाडोरा साफ केला, कोणता बांध कुणी घातला, दोन वेळा जंगलखात्याच्या नाकेदारानं पीक कसं तुडवलं, सगळं दोन पानांत बसलं. अक्षरं काळीभोर, ठसठशीत उमटली. म्हाताऱ्यानं त्यांवरून हळूच बोट फिरवलं आणि खाली अंगठा दिला. गावाचे सगळे दावे पोळ्यानंतर एकदम जमा व्हायचे होते. तोवर कागद जपून ठेवा, एवढंच हेमराज म्हणाला.

ही शाई पाण्याला भिते, हेही त्याला सांगता आलं असतं. नदीपलीकडे चार महिने काय होतं ते त्याला माहीत नव्हतं असं थोडंच होतं! शब्द ओठांपर्यंत आलाही होता. पण तो बोलला असता तर मग अशी शाई वापरता कशाला, हेही कुणीतरी विचारलं असतं. त्यानं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

पोळा झाल्यावर बुधरी एकटीच आली. ओसरीत टेकली आणि पदराखालची प्लॅस्टिकची पन्नी सोडून तिनं कागद पुढे केला. त्यावर निळसर काळे ओघळच ओघळ होते. एक शब्द वाचता येत नव्हता. खाली म्हाताऱ्याचा अंगठा मात्र जसाच्या तसा होता.

तिनं सांगितलं ते असं. वाळवी लागू नये म्हणून म्हाताऱ्यानं कागद बांबूच्या पोकळ पोंग्यात घालून चुलीवरच्या आढ्याला टांगला होता. त्यांच्या घरात जपायची वस्तू तिथंच, धुरात राहायची. श्रावणाच्या झडीत नेमकं तिथलंच छप्पर गळलं. नदीला पूर, नवा कागद करायला यावं तर पलीकडे नेणारा डोंगा सुटत नव्हता. पूर उतरायच्या आत म्हातारा गेला.

"पाणी आमच्याच छपरातून पडलं, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या कामाची माती झाली."

ती त्याचीच माफी मागत होती. हेमराजला वर बघवेना. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

बुधरीनं वाटही शोधून आणली होती. गावातली सोमारी म्हाताऱ्याच्या वयाची, तिला सगळं ठाऊक होतं, ती जबाब द्यायला तयार होती. मजकूर तोच, फक्त नाव बदलायचं. म्हणजे जमीन वाचत होती. हेमराजनं नुसती मान हलवली असती तरी सगळं निभावलं असतं, आणि त्याचं नावही राहिलं असतं.

त्यानं मशीन चालू केलं. मग बंद केलं. आत तीच शाई होती. त्यानं कोरा कागद आणि बॉलपेन काढलं आणि हातानं लिहून देतो म्हणाला.

बुधरी बिचकली. "साहेब मशीनचाच कागद मांगते म्हणते. हातानं काऊन?"

आता मात्र त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. चंद्रपूरचं दुकान, दोन बाटल्या, धनराजचं ओलं बोट, आपण मारलेली फुशारकी.

"तुया सासऱ्याचा दोष नाई, बाई. दोष माहा हाये. मले मालूम होतं."

बोलून टाकल्यावर त्याची छाती हलकी झाली. आता हिनं चार शिव्या घालाव्यात, असं त्याला मनापासून वाटलं. हा कागद मी स्वतः गावात घेऊन येतो, सोमारीबाईचा अंगठा घेतो आणि भामरागडला जमा करूनच परततो, असंही तो म्हणाला.

बुधरीचं त्याकडे लक्ष नव्हतं. भिजलेला कागद परत मांडीवर घेऊन ती त्यावरचा अंगठा पाहत होती.

"मी म्हाताऱ्याले रोज बोलली, भाऊ," ती म्हणाली. "तुह्यानं जमीन गेली म्हनून. बारा दिवस बोलली. त्यानं जेवन सोडलं."

हेमराज घाईघाईनं म्हणाला की हे पाप माझं आहे, तू मनाला लावून घेऊ नको.

"तुमी तुमचं सांगतलं," बुधरी म्हणाली. "मी माह्यं आता कोनाले सांगू?"