दाजींचे पाय कोणी धरले होते?

मुलांनो, समजा आत्ता तुम्ही दिघाशीतल्या एका घराच्या ओटीवर, गर्दीत उभे आहात. टाचा उंच करा, म्हणजे मधोमध दाजी दिसतील. चार वर्षांत कंपवाताने त्यांना हळूहळू घेरलंय. आधी उजवा हात थरथरू लागला, मग अक्षर मुंगीएवढं झालं, आणि हल्ली चालता चालता पाय जमिनीला खिळतात. गाव म्हणतं, "पाय कुणीतरी धरलेत."

आत्ताही ते खिळले होते. भूत उतरवायला बोलावलेल्या रामनाथबाबाने त्यांच्यापुढे लाल लादीवर भस्माचे आडवे पट्टे ओढले, एकेका पावलाच्या अंतरावर, आणि गरजला, "छोड़! छोड़ दे पैर! दाजी, ओलांड!"

दाजींनी एक पट्टा ओलांडला. दुसरा. सातही!

"सुटला रं, सुटला!" लोकांनी हात जोडले.

"दिघाशीचं भूत हिंदी कवा शिकला?" गर्दीतला काळूराम पुटपुटला.

बाबा दाजींच्या बायकोकडे, आक्कांकडे वळला. "माई, त्या गोळ्या विहिरीत टाक. त्यांच्या वासानं तो परत येतो."

आक्का गोळ्यांचा डबा घेऊन निघाल्या. त्यांची नात, सातवीतली रुचिका, आडवी आली. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, गोळ्या एकदम थांबवल्या तर अंग लाकडासारखं होईल, जिवावर बेतेल. तिने डबा घट्ट धरला.

"आजी, थांब! परवा दाजी मी खडूने आखलेल्या ठिकरीच्या चौकोनांवरूनपण असेच चालले होते!"

"पोरी, मधे आलीस तर तुझे पाय धरील!" बाबा ओरडला.

"धरू दे."

तेवढ्यात दाजी वळायला गेले आणि पुन्हा खिळले.

"बाबा, सुटलेला परत आला का हो? गोल्या तर डब्यातच हायेत!" काळूराम हसला.

बाबा भस्म शोधेपर्यंत रुचिकाने खडूने पट्टे ओढले. ना मंत्र, ना आरोळी. दाजी सरळ चालत आले.

मुलांनो, या आजारात चालण्याचा मेंदूचा हुकूम कधीकधी मधेच अडतो. समोर रेघ दिसली, की पुष्कळांचं पाऊल ती ओलांडायला उचलतं. आजार मात्र जात नाही. म्हणून चमत्कार दिसला, की आधी विचारा : हे दुसऱ्या कुणाला करता येईल का?

बाबा झोळी उचलून निघाला. आक्कांनी डब्यातली गोळी काढून दाजींना दिली.

"पाणी," दाजी बारीक आवाजात म्हणाले.

रुचिकाने पाणी आणलं नाही. ती वाकून माठापर्यंत रेघा ओढत गेली.