शीतलला राग आला

कोंबडा आजही आरवला नाही, म्हणून शीतलची म्हापशाची बस आजही चुकली. चिडून ती अंगणात आली तर तो तुळशीमागे उभ्याउभ्या डुलत होता. त्याच्या पायाशी मातीत, चोचीने टोचलेली अर्धी पांढरी गोळी पडली होती.

तिने ती उचलून झग्याला पुसली. आईची गोळी.

"काका, ही हय कशी?"

रघुनाथकाका, तिच्या बापाचा भाऊ, ओट्यावर समई पुसत होता. शीतल कॉलेजला पहाटे निघायची, त्यामुळे आईला गोळी द्यायचं काम त्याच्याकडे. बाप डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा आणि घरी स्वतः येण्याऐवजी निरोप पाठवायचा.

"गोळी घेतली काय ती गप बसता," काका म्हणाला. "मगे देवीक वाट खय गावतली?"

"ती झोपता, काका. माका नावान हाक मारता."

"देवी काय तुझ्या नावासाठी थांबतली?"

आईला, अनुसयेला, कुणाला ऐकू न येणारं ऐकू यायचं. पणजीच्या डॉक्टरांनी त्या आजाराला एक नाव दिलं होतं. हळर्ण गावाने त्याआधीच दुसरं दिलेलं होतं: अवसर. देवी अंगात येते. डॉक्टरांच्या नावाला नारळ चढत नाही, त्यामुळे गावाचं नाव टिकलं. आई पुटपुटे आणि काका अर्थ सांगे. गोवा घटक राज्य होणार काय, असं एकाने विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "पेज करपली." काकाने अर्थ सांगितला: होणार, पण वास येणार. पुढे राज्य झालं. वासाबद्दल मतभेद होते, पण तेव्हापासून मंगळवारी लांबलांबून माणसं यायला लागली.

डॉक्टर शीतललाही म्हणाले होते, "तुला होईलच असं नाही." तिने त्यातलं 'होईल' तेवढं घरी आणलं. तेव्हापासून पाल चुकचुकली तरी ती शेजारच्या देवकीला विचारी, "तू आयकलंस मा?" देवकी इतकी प्रेमळ की न ऐकलेलंही ऐकलं म्हणायची, त्यामुळे त्या तपासणीचा काडीचा उपयोग नव्हता.

आज मंगळवारच होता. माणसं जमली. आई भिंतीला पाठ लावून बसली होती. कुरतडून कुरतडून तिची बोटं रक्ताळली होती. महादेव नावाच्या शेतकऱ्याने आपली हरवलेली म्हैस विचारली.

"पाण्यात विख असा," आई म्हणाली. "पिव नको. कोण पिव नको!"

"म्हैस पाण्याकडे असा," काका म्हणाला.

आई रडायला लागली. लोकांनी हात जोडले. भ्यालेल्या बाईला नमस्कार करून ही सगळी मंडळी आता घरी जाऊन पोटभर जेवणार होती.

शीतलने कोंबडा उचलून आणला आणि काकाच्या मांडीत आपटला. कोंबड्याने एक डोळा उघडला, काकाला पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"बघा! आवशीच्या गोळयो हेका घातल्यान! ती भियान मरता आणि तुमका म्हशीची पडली असा?" तिची वेणी सुटली होती.

"अवसर!" कुणीतरी ओरडलं. "चेडवाच्या अंगात इलो!"

"माका अवसर नाय! माका राग इलो असा!"

"देवी रागावली!" महादेव आडवाच झाला.

"अरे, मी शीतल! म्हापशाक कॉलेजात जातंय!"

म्हैस म्हापशाच्या बाजारात असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

शीतल थांबली. ती जितकी ओरडत होती तितकी माणसं वाकत होती. जन्मात तिच्यापुढे इतकं कुणी गप्प बसलं नव्हतं आणि तिचा एक शब्द कुणाच्या कानात शिरत नव्हता.

"रघुनाथा," ती हळू म्हणाली. नावापुढे 'काका' लावायचंच विसरली. काकाच्या हातातलं समई पुसायचं फडकं गळलं.

"हिका सकाळ-सांज गोळी घालशीत. तुझ्या हातान, ह्या चेडवासमोर."

"होय, माये."

"चुकलंस तर ह्या कोंबड्यासारखो उभ्या उभ्या डुलशीत."

काकाने मांडीतल्या कोंबड्याकडे पाहिलं. "होय, माये."

त्या दिवसापासून काका गोळीला कुंकू लावून ती तबकात आणू लागला. आई झोपू लागली, जेवू लागली. शीतलचा राग मात्र कामातून गेला. चहात साखर कमी म्हणून ती ओरडली की शेजारून नारळ येई. बसमध्ये कंडक्टरशी भांडली की गावच्या बायका उठून जागा देत, पदर पसरत. माणसाला नुसता राग येऊ शकतो, हे या गावाला पटवायचं कसं? आणि अंथरुणावर पडल्या पडल्या तिला वाटे, तो नुसता रागच होता ना? हे तर देवकीलाही विचारता येत नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी ओट्यावर माणसं तिच्यासाठी जमली होती आणि ती माजघरात केस सोडून बसून होती.

"केस कित्याक सोडलंस गो? उवा होतीत. हडे बस." आई फणी घेऊन मागे बसली. गोळ्यांनी तिचे हात थरथरत, वेणी वाकडी येत होती.

बाहेर महादेव खाकरला. "देवी बसली काय?"

शीतल उठायला लागली. आईने तिचा खांदा दाबला आणि स्वतः दारात जाऊन उभी राहिली.

"देवी नाय हय. माझा चेडू असा. तेची वेणी घालतंय. घराक जावा."

महादेवाने जोडलेले हात खाली घेतले. मग माणसं ओट्यावरून उतरली. वाटेवर तो मागून येणाऱ्यांना मयताची बातमी सांगावी तसा दबक्या आवाजात सांगत होता, "अनुसया बरी झाली."

आई परत येऊन बसली. तेवढ्यात, भर दुपारी, अंगणात कोंबडा आरवला.

शीतल दचकली. मान वळवून तिने विचारलं, "आये, तू आयकलंस?"

"आयकलंय," आई म्हणाली. "मेल्याक वेळकाळ कळणा नाय. मान हलव नको."