भिंतीतला पलंग

आस्ता रीबर वृद्धाश्रमात गेल्या त्याला सहा वर्षं झाली. जाताना त्यांनी आपलं घर गावाला देऊन टाकलं. बेटावरच्या खलाशांच्या घरांपैकी सगळ्यात जुनं तेच, म्हणून गावानं त्याचं संग्रहालय केलं. घर १८८० साली होतं तसं दिसलं पाहिजे, असं समितीनं ठरवलं. मग फ्रिज गेला, टीव्ही गेला, बाईंनी स्वतः चिकटवलेला पिवळा वॉलपेपर खरवडून निघाला. भिंतीत बसवलेला दोन दारांचा पलंग मूळचाच होता, तो राहिला.

तोर्किल बागे तिथला राखणदार. आधी तीस वर्षं फेरीबोटीवर होता. जूनमधल्या एका गुरुवारी दुपारी त्यानं पाहिलं, तर दारात आस्ताबाई. वय एक्याण्णव, हातात वॉकर.

"एकट्याच आलात?"

"मग काय, वाजतगाजत येऊ? हो बाजूला."

त्या खोल्याखोल्यांतून फिरल्या. चरख्यापाशी थांबल्या. "हा कुणाचा?"

"शेजारच्या बेटावरून आणलाय."

"तरीच. माझ्या सासूला लोकर अंगाला लागली की खाज सुटायची."

बैठकीच्या खिडकीजवळ तांब्याची किटली मांडली होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. "इथे फोन होता. नील्सची बोट बुडाल्याचं मी इथेच उभ्यानं ऐकलं."

बाईंच्या नवऱ्याच्या बोटीची ती बातमी बंदरातून फोनवर सांगणारा माणूस तोर्किलच होता.

मग बाईंनी पलंगापुढचा दोर काढला आणि बूट काढले.

"बाई, तिथे हात लावायलाही मनाई आहे."

"हात कुठे लावतेय? आडवी होतेय. पाचच मिनिटं."

त्या झोपल्या. थोड्या वेळानं एक जर्मन जोडपं आलं. "किती हुबेहूब केलंय!" बायको कुजबुजली. तेवढ्यात पलंगातून घोरणं ऐकू आलं, तसा नवरा दोन पावलं मागे सरला. तोर्किलनं ओठांवर बोट ठेवलं. दोघं चवड्यांवर चालत बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षा वाल्बोर्ग होल्क आल्या. "तोर्किल, ती चादर दीडशे वर्षांची आहे!"

"घर त्यांचं आहे."

"होतं," वाल्बोर्ग म्हणाल्या. त्यांनी त्याला लेखी समज दिली. त्यानं ती घडी घालून खिशात ठेवली.

पुढच्या गुरुवारी बाई पुन्हा आल्या. तोर्किलनं जुनी चादर काढून स्वतःच्या घरची अंथरली, बाई आत गेल्यावर पलंगाची दारं लावली आणि बाहेर 'दुरुस्ती चालू आहे' असा कागद टाचला. उन्हाळाभर दर गुरुवारी असंच चाललं. वाल्बोर्गना ते कळलं असावं, कारण गुरुवारी त्या तिकडे फिरकेनाशा झाल्या.

सप्टेंबरात बाईंना घराकडे येणारा चढ झेपेना. शेवटच्या वेळी तोर्किल त्यांना वृद्धाश्रमापर्यंत सोडायला गेला. वाटेत त्या तीनदा थांबल्या.

"झोप लागली का नीट?" त्यानं विचारलं.

"कसली लागतेय? तुझी चादर खरखरीत आहे," बाई म्हणाल्या आणि त्याच्या हाताचा आधार घेऊन पायरी चढल्या.